पाण्यातले निशाण

तीन हंगाम ट्रॉलरच्या तळाशी बसवलेला दिव्यांचा पडदा रंग बदलणाऱ्या माकुलांच्या, म्हणजे स्क्विडच्या, कातडीवरचीच नक्षी उजळवून त्यांना हाक मारी, आणि ती भोळी जनावरे थव्याथव्यांनी जाळ्यात येत. यंदा आश्विन सरत आला तरी जाळे रिकामेच वर येत होते.

त्या दुपारी ट्रॉलरच्या तांडेलाला, जोमाला, दूरवर पिवळे-तांबडे निशाण पसरलेले दिसले. ते त्याच्या धाकट्या भावाचे, धाकलूचे होते. धाकलूची होडी आठ दिवस बेपत्ता होती. संकटातल्या होडीने आपल्या रंगांचे निशाण पाण्यावर अंथरावे आणि ज्याला ते दिसेल त्याने जाळे कापून धावावे, ही कोळीवाड्याची रीत. जोमाने जाळे कापले.

"तांडेल, ता पाण्यावर नाय, पाण्यात हाय!" भिकाजी खलाशी ओरडला. "आन् खडपाकडं सरकतंय!"

"भावाच्या निशाणाला पाठ दाखवू? तुझा भाव असता तर?"

भिकाजीने सुकाणू निशाणाकडे वळवले.

जवळ जाताच निशाण विरले. शेकडो माकुले रंग टाकून पांगली, आणि खाली, खडकांच्या बेचक्यात, धाकलूची होडी निपचित पडलेली दिसली. त्याच क्षणी ट्रॉलर करकरत त्या खडकाळ खडपावर चढला.

जोमाने मान वर केली. थोड्या अंतरावर पाण्यात हिरवे-पांढरे निशाण सावकाश उमलत होते. ते त्याचे स्वतःचे होते. क्षितिजावरच्या दोन होड्या त्याकडे वळल्या होत्या.

तो वायरलेसवर ओरडू लागला, "येव नका! माघारी फिरा!" पण निशाण दिसल्यावर कोणी थांबत नाही, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक होते?