निनावी चिठ्ठी

चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. फोर्तुनाताबाईंनी (गावात सगळे त्यांना मानाने 'दोन्या' म्हणत) ती चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली. माइक अजून बंद होता.

"जेनायदा, अक्षर तुझं दिसतंय. निरोप कोणाचा?"

जेनायदा उरलेल्या चिठ्ठ्या लावत राहिली. पहाटेचे पाच वाजायला आठ मिनिटं होती. पाच वाजता डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर रेडिओ लागत आणि बाई केचुआ भाषेत निरोप सांगत. अमकीची मुलगी सुखरूप बाळंत झाली. तमक्याने गुरुवारी खेचर घेऊन ट्रकपाशी थांबावं. ज्याच्या घरी रेडिओ नाही, त्याला शेजाऱ्याने जाऊन सांगायचं. एकेका नावाची दहा-दहा माणसं, त्यामुळे बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं असल्याशिवाय निरोप घेतलाच जात नसे. बारा वर्षांची जेनायदा शाळेसाठी बाईंकडे राहायची आणि पहाटे चिठ्ठ्या लावून द्यायची. हा नियम तिला पाठ होता.

चिठ्ठीत एवढंच होतं: 'वायलापाम्पाच्या इलारिया सुल्का यांना. मंगळवारबद्दल माफ करा.'

"आईला?" बाईंनी विचारलं. "काल काय झालं?"

काल आई शाळेच्या फाटकाशी आली होती. वायलापाम्पाहून चार तासांची पायवाट उतरून. डोक्यावर हॅट, पाठीवर रंगीत गाठोडं, गाठोड्यात चीज. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ही? जेनायदा म्हणाली, "चीजवाली." आई तीन हात अंतरावर उभी होती. तिला स्पॅनिश फारसं येत नव्हतं, पण तेवढा शब्द कळत होता. बाजारात तिला त्याच नावाने हाका मारत. एका मुलीने चीजचा तुकडा चाखला आणि खारट आहे म्हणून नाक मुरडलं. आईने गाठोडं बांधलं आणि ती परत चढाला लागली.

"तुम्ही वाचा ना, दोन्या. माझं नाव न घेता."

"मी बाळंतपणं सांगते, मयती सांगते, हरवलेली गाढवंसुद्धा सांगते. पण दुसऱ्याची माफी मी माझ्या तोंडून मागत नाही. बस इथे."

"गावातही सगळे ऐकतात. मुली मला चीजवालीच म्हणायला लागतील."

"लागतील की. मला वर्गात लामा म्हणायच्या, डोंगरातलं ओझं वाहणारं जनावर. त्यातली एक अजून म्हणते, पण निरोप द्यायला माझ्याच दारात येते."

बाई उठल्या. खुर्ची रिकामी झाली. माइकवरचा लाल दिवा लागला.

जेनायदा खुर्चीत बसून माइकजवळ सरकली. गावात आल्यापासून ती केचुआ घराबाहेर बोललीच नव्हती. वहीवरही आईचं आडनाव लपवून नुसतं 'परेदेस स.' लिहायची.

"मी जेनायदा परेदेस सुल्का," ती म्हणाली. "काल शाळेच्या फाटकाशी चीज घेऊन आली होती ती माझी आई. मी तिला ओळख दाखवली नाही. ज्यांनी ऐकलं, त्यांनी वायलापाम्पाला कळवा."

त्याच दिवशी शाळेत मागच्या बाकावरून आवाज आलाच, "एक किलो दे गं."

जेनायदाचे कान तापले. "आई आणेल तेव्हा घे," ती म्हणाली. ते सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. आई पुन्हा येईल की नाही, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी काही आलं नाही. शुक्रवारी पहाटे ट्रकवाल्याने एक चिठ्ठी दिली, वायलापाम्पाच्या दुकानदाराने लिहून घेतलेली. बाईंनी ती मनात वाचली. चष्मा काढून पुसला. जेनायदाने हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "ही मी वाचणार. हिच्यावर नाव पूर्ण आहे."

दिवा लागला.

"इलारिया सुल्का मामानी यांच्याकडून मुलगी जेनायदाला. मंगळवारी फाटकावरच्या शिपायाने मला विचारलं होतं, कोण पाहिजे म्हणून. तुला पोरी हसतील असं वाटलं. मीच त्याला म्हटलं, कोणी नको, चीज विकायला आलेय. शनिवारी येते. या वेळी तुझं नाव सांगीन."