चौथ्या पानावरची खूण

‘बौद्धिक संपदेचा वकील पाहिजे’ ही जाहिरात वाचून यशोधराबाई मोकाशी त्या कचेरीत आल्या होत्या. जिच्याविरुद्ध त्या सतरा वर्षं वकील म्हणून कोर्टात लढल्या, त्याच कंपनीच्या वकिलांची ही कचेरी. रक्ताचा आजार बरा करणारं जनुक कंपनीच्या मालकीचं होतं. ते ज्यांच्या अंगात होतं त्यांना मूल हवं असेल, तर कंपनीची परवानगी लागे; कायद्याच्या लेखी मूल म्हणजे त्या जनुकाची नक्कल.

“बाई, तुम्ही इकडे कशा?” कचेरीचे प्रमुख सबनीस म्हणाले.

“मुलीला तिसरा महिना लागलाय. लहानपणी तिला तेच जनुक दिलं होतं. परवानगीचा अर्ज दोनदा फेटाळला. तुमच्या वकिलांच्या घरच्यांना ती लगेच मिळते म्हणे.”

“मिळते. मीही त्यासाठीच आलो होतो,” सबनीस थकल्या आवाजात म्हणाले.

नेमणुकीच्या कागदावर सही झाल्यावर सबनीसांनी पहिली फाइल पुढे सरकवली. परवानगी नाकारलेल्या चाळीस बायकांची याचिका होती; कंपनीतर्फे ती हाणून पाडायची होती. ती लिहिली होती रझियाने, सतरा वर्षं यशोधराबाईंच्या शेजारच्या टेबलावर बसलेल्या मैत्रिणीने. रझिया घाईत कुठे चुकते, हे त्यांना पाठ होतं.

चूक चौथ्याच पानावर सापडली. त्या बराच वेळ पेन्सिल धरून बसून राहिल्या. मग त्यांनी तिथे हलकेच खूण केली.