दर्शनी फळ्या

"ऑइलपेंटच द्या," चांगुणा म्हणाली. "हिरवा. नाहीतर सनमायका चिकटवा."

गोटीराम पॉलिशवाला हसला. तिच्या नवऱ्यानं, पुंजारामनं, अर्धी खोली अडवून खेळातल्या रेल्वेचं टेबल मांडलं होतं आणि खाली लोंबणाऱ्या वायरी झाकायला त्याला पुढून फळ्या ठोकल्या होत्या. वर रूळ, बोगदा, पुठ्ठ्याचं स्टेशन आणि त्यातून फिरणारं बोटभर इंजिन. अंबडच्या कारखान्यातून आला की माणूस या टेबलाशी बसायचा, तो जेवायलाच उठायचा. घोडा झाला तरी खेळतोय म्हणून शेजारणी फिदीफिदी हसायच्या. हसू देत. दिवाळीपासून त्यानं दारूला हात लावला नव्हता, तो या इंजिनाच्या पुण्याईनं. चांगुणाला त्या इंजिनाची रोज दृष्ट काढावीशी वाटे.

"वहिनी, सागवानी प्लाय आहे हा," गोटीराम म्हणाला. "याच्यावर रंग फासायचा म्हणजे पाप लागेल मला. फ्रेंच पॉलिश मारतो. तोंड दिसेल त्यात."

फ्रेंच पॉलिश म्हणजे चपडी लाख आणि स्पिरिट. गुत्ता बंद असला की माणसं काय काय घशाखाली घालतात, हे चांगुणानं घरातच पाहिलं होतं. त्या पायीच एकदा पुंजारामला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पुन्हा असं झालं तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. पण हे परक्या माणसाला सांगणार कसं?

"हिरवा बरा दिसतो," ती पुन्हा म्हणाली. आवाज नको तेवढा चढला.

पुंजारामनं इंजिन थांबवलं. "गोटीरामभाऊ, तिचं रंगाशी काही घेणंदेणं नाही. मी प्यायचो. घरात स्पिरिट नको म्हणून ती रंग रंग करतेय."

गोटीराम उगाच फळीवरून हात फिरवत राहिला.

चांगुणाला भरून आलं. लग्न झाल्यापासून हा माणूस इतकं सरळ कधी बोलला नव्हता. तो परक्यापुढं कबुली देतोय आणि आपण त्याच्यावर चोरासारखा पहारा ठेवतोय, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पॉलिशच करा," ती म्हणाली. "शोभून दिसेल."

गोटीरामनं पिशवीतून पॉलिशची बाटली काढली, कापडाची पुरचुंडी त्यात भिजवली आणि हात चालवायला सुरुवात केली. सागाच्या रेघा वर आल्या. उग्र, गोडसर वास खोलीभर झाला. चांगुणा उंबऱ्यात निवडायला तांदूळ घेऊन बसली खरी, पण तिची नजर बाटलीवरून हलली नाही. पुंजाराम भिंतीला टेकून उभा होता. तो काही विचारत नव्हता, काही सुचवत नव्हता. त्याचं एवढं गप्प राहणं तिला बरं वाटेना.

काम आटोपल्यावर ती म्हणाली, "बाटली घेऊन जा बरोबर."

"नेतो ना." गोटीरामनं वाईट वाटून घेतलं नाही. बाटली पिशवीत टाकली. "उद्या येऊन दुसरा हात मारतो. आज खिडक्या तेवढ्या उघड्या ठेवा वहिनी, नाहीतर वासानं डोकं धरेल."

त्याची सायकल वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. पिशवी गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग मोरीवर जाऊन तिनं तांदूळ धुतले, स्टोव्ह पेटवायला पिन शोधली. तेवढ्यात तिला कडी लागल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली. एक खिडकी लावून झाली होती. पुंजाराम दुसरी ओढून घेत होता.

"अहो, उघड्या ठेवायला सांगितल्यात ना त्यांनी?"

"ओल्या पॉलिशवर धूळ बसते," तो म्हणाला. मग त्यानं दारही लोटून घेतलं, आणि तो पाट ओढून फळ्यांना नाक लागेल इतक्या जवळ जाऊन बसला.