दगडाबाईची शुद्ध

"साखर चाळीस," देवश्री डॉक्टर म्हणाली आणि तिनं दगडाबाईच्या शिरेत ग्लुकोज सोडलं.

नेवाशाच्या त्या लहानशा दवाखान्यात खाटेशी दोघं होती. नवरा सहादेव आणि लेक सुरेखा. शेजारच्या रानातला वैजनाथ दाराबाहेर उभा होता. कांद्याच्या वाफ्यात पडलेली दगडाबाई त्यालाच दिसली होती, टेम्पोत घालून त्यानंच आणली.

"उन्हानं चक्कर आली आसंल," सहादेव म्हणाला. "घरी नेतो. पडंल दमानं."

"शुद्ध जायला कारणं पुष्कळ असतात, बाबा. साखर उतरते, अंगातलं मीठ उतरतं, मेंदूत रक्त साकळतं, फवारणीचं औषध भिनतं. गोळ्या कोणत्या घेतात? सकाळी काय खाल्लं?"

सहादेवानं पंख्याकडं पाहिलं. "बायामान्सांचं काय, खात्यात कायबी."

"शुगरची गोळी, पांढरी, सकाळची," दारातून वैजनाथ म्हणाला. "आन् आज मंगळवारचा उपास. पोटात चा बी न्हाई."

"मग हेच. उपाशीपोटी गोळी." देवश्रीनं कागदावर लिहिलं. "या गोळीचा अंमल लांबतो. साखर पुन्हा उतरेल. दोन दिवस इथंच ठेवा. घरी नेलंत तर झोपेतच जातील."

"दोन दिस? म्हशीची धार कोन काडनार?"

"तुमी काडा की, आबा," सुरेखा म्हणाली. "तुमची बोटं काय नवसाची हायती?"

"तू गप. भरती करायला सही माजी लागती. म्या न्हाई करनार."

"त्या पुरत्या शुद्धीवर आल्या, तर तुमची सही लागणार नाही," देवश्री म्हणाली. "त्यांचं त्या ठरवतील."

थेंब थेंब बाटली उतरत गेली. सुकल्या सरीत पाणी फिरावं तशी दगडाबाईच्या चेहऱ्यावर तकाकी फिरली. तिनं डोळे उघडले.

"नाव काय तुमचं, आजी?"

"दगडाबाई."

"आज वार?"

"मंगळवार. देवीचा."

"कुठं आहात?"

"दवाखान्यात. दुसरीकडं कुटं आसं टोचत्यात?"

देवश्री हसली. "नवऱ्याचं नाव?"

ओठ मिटले. देवश्रीनं पुन्हा विचारलं. दगडाबाई भिंतीकडं बघत राहिली.

"भान न्हाई तिला." सहादेव उठला. "आना कागद. नेतो मी."

सुरेखा खाटेला आडवी उभी राहिली. "खबरदार हात लावला तर! डॉक्टर, आई नाव तोंडानं घेत न्हाई. जुनी बाई हाय. हळदीकुंकवाला बायांनी दार अडवलं, तरी कदी घेतलं न्हाई."

"मग उखाण्यात घ्या, आजी. एवढं एक उत्तर द्या, म्हणजे तुमचा निकाल तुमच्या हाती."

दगडाबाई कोपर रेटून उठून बसली. पदर सारखा केला. सुई टोचलेला हात मांडीवर ठेवला. आणि पहाटेच्या जात्यावरचा तिचा तो जुना, खणखणीत आवाज निघाला:

"डोईवर ऊन, कांद्याची पात,
जेवलीस का इचारतो एकला वैजनाथ."

देवश्रीचं पेन थांबलं.

"बगा! बगा!" सहादेव ओरडला. "मानूस सुदिक वळकंना तिला!"

सुरेखानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा दाराकडं.

"लिवा, डॉक्टर," ती म्हणाली. "आई पुरती शुद्धीवर हाय."