तीन नंबरचं बटण

हेमांगीने कीबोर्ड पारखून घेतला होता. पक्षाघाताने तिच्या वडिलांची, अण्णांची, वाचा गेली होती आणि बोटं कडक झाली होती, म्हणून बटणं मऊ हवी होती. शिवाय एकाच कीबोर्डवर सगळ्यांचं भागायला हवं होतं. एक दाबलं की तिचा लॅपटॉप, दोन दाबलं की टॅब, तीन दाबलं की अण्णांच्या गळ्यातली चिप. मग टाइप केलेलं अण्णांच्याच आवाजात, त्यांच्याच तोंडून निघे.

"चहात साखर कमी आहे," सकाळी अण्णांनी टाइप करून सांगितलं. तिने साखर घातली आणि कीबोर्ड घेऊन शिरीषदादाला मेसेज लिहायला बसली. बटण बदलायचं मात्र राहिलं.

"दादा, आता मला झेपत नाही," समोरच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले. "अण्णांना वृद्धाश्रमात ठेवू या."

हेमांगीचे हात जागीच थांबले.

अण्णांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि एक दाबलं. लॅपटॉपवर, दादाला लिहायच्या मेसेजमध्ये, सावकाश अक्षरं उमटली: 'शिरीष, खोलीला खिडकी असेल असं बघ.' एंटर दाबून त्यांनी ते पाठवूनही दिलं.

मग त्यांनी तीन दाबलं.

"आता चहा चांगला झालाय," ते म्हणाले.