पुठ्ठा एकाला, पानं एकीला

"पुठ्ठा सोडवून मला द्या, पानं हिला," भाऊ म्हणाला आणि पुस्तक त्याने बाइंडरच्या टेबलावर ठेवलं. बहिणीने मान डोलावली. आईचं घर रिकामं करताना भांड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळ्याची वाटणी बिनबोभाट झाली होती, अडलं ते या गोष्टींच्या पुस्तकापाशी. दोघंही साठी ओलांडलेली. लहानपणी ते फक्त आपणच वाचायचो, दुसरं कोणी नाही, असं दोघंही शपथेवर सांगत होती. महिनाभराच्या अबोल्यानंतर हा तोडगा निघाला होता. तो पुठ्ठा चौकटीत लावणार होता, ती पानं जपून ठेवणार होती.

बाइंडरने जन्मभर फाटकं तेवढं जोडलं होतं. शिवण शाबूत असलेलं पुस्तक तोडायला आणणारी गिऱ्हाइकं तो पहिल्यांदाच बघत होता. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा त्याचा नियम. एरवी तो रोज मोडायचा, आज मात्र पुस्तक बघून त्याने तो पाळला.

पुठ्ठा देखणाच होता. गर्द निळं कापड, त्यावर सोनेरी छापाचं गलबत, भोवती वेल, आणि वेलीच्या पानापानाआड इवले पक्षी. असे ठसे आता कोणी कोरत नाही. त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. पाठीवरचं सोनं अजून लखलखत होतं. उडालं होतं ते दोन्ही पुठ्ठ्यांच्या बाहेरच्या कडांवर. तिथले पक्षी पार पुसले गेले होते. एकट्या माणसाच्या हातात पुस्तकाची पाठ झिजते, कडा अशा झिजत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

"उघडून धरा जरा, सांधा बघायचाय," तो म्हणाला. त्याच्या एका हातात भिंग होतं, दुसऱ्या हातात दिवा.

बसायला एकच बाक होतं, तेही आखूड. बहीण आधी टेकली. उजवीकडे जागा असूनही भाऊ "सरक" म्हणाला आणि तिच्या डावीकडे बसला. पुस्तक दोघांच्या मांडीवर उघडलं. त्याची बोटं पुढच्या पुठ्ठ्याखाली गेली, तिची मागच्या. बाइंडरने वाकून खालून पाहिलं. जिथे सोनं नव्हतं तिथेच नेमकी बोटं होती, एकीकडे चार, दुसरीकडे चार.

वाद घातला तरी शहाणपण सांगायचा त्याचा स्वभाव नव्हता. सुरी आणतो म्हणून तो आतल्या खोलीत गेला. सुरी समोरच खिळ्याला टांगलेली होती, पण शोधायला त्याने बराच वेळ लावला. दोन डबे उघडले, खळ ढवळली, उगाच खाकरला.

बाहेर आला तेव्हा दोन पांढरी डोकी पुस्तकावर वाकलेली होती. बहिणीने पानाचा कोपरा चिमटीत धरला होता, पण पान उलटलं नव्हतं.

"झालं का रे?" तिने विचारलं.

"थांब ना ताई," भाऊ म्हणाला, "एवढ्या दोन ओळी."