जाहिरातीच्या वेळचा माणूस

घरच्या संघाने अमेरिकन फुटबॉलचा सामना तीन गुणांनी जिंकला. हे आता विसरून जा. तसं काही घडलेलंच नाही. शेवटच्या सत्राची दोन मिनिटं शिल्लक आहेत, बर्फ पडतोय, आणि मैदानाच्या मधोमध ऑर्व्हिल टेस्के हाताची घडी घालून उभा आहे.

त्याच्या जाकिटाच्या बाह्या भडक केशरी आहेत. टीव्हीवर जाहिराती चालू असेपर्यंत त्याने मैदानात उभं राहायचं. तो उभा आहे तोवर बावीस धिप्पाड खेळाडू, सात पंच आणि सत्तर हजार प्रेक्षक काहीही करू शकत नाहीत. प्रेक्षक हुर्यो तेवढी करतात. बाहेर उभ्या असलेल्या प्रक्षेपणाच्या ट्रकमधून कानात निरोप आला, की हात खाली सोडायचे आणि कॅमेऱ्यात सापडायच्या आत पळायचं. मग खेळ सुरू. एकवीस वर्षं तो हेच करतोय. एकवीस वर्षांत टीव्हीवर एकदाही दिसलेला नाही. तो मैदानात असतो तेव्हा टीव्हीवर पिझ्झा असतो.

त्याला याचं काही नाही. त्याच्या आईला आहे.

लोरेन टेस्के, वय अठ्ठ्याऐंशी, शबॉयगन गावातल्या घरात बसून प्रत्येक सामना पाहते. शेजारची डेल्फिनही येते, आणि सामना संपला की न चुकता विचारते, "मग? तुझा टीव्हीवाला आजही नाहीच का?" एकदा लोरेनने तिला केशरी बाह्यांमधला फोटो दाखवला. डेल्फिनने चष्मा लावून नीट पाहिला.

"अगं, हा तर वाहतूक पोलीस आहे."

आज ऑर्व्हिलचा शेवटचा सामना. उद्यापासून तो निवृत्त. म्हणजे दिसायचं तर आजच. ट्रकमध्ये बसणारी दिग्दर्शिका मार्गो हिने ते मनावर घेतलं होतं. अकरा वर्षं ती त्याच्या कानात बोलत होती. समोरासमोर दोघं दोनदाच भेटले होते.

"ऑर्व्ही, ऐक. या जाहिरातींतून परत येताना पहिला कॅमेरा तुझ्यावर. पूर्ण तीन सेकंद."

"नियमात बसत नाही, मार्गो."

"नियम गेला खड्ड्यात. आईला फोन केलास?"

"केला. दोघी टीव्हीला नाक लावून बसल्यात."

"मग तू फक्त काही करू नकोस. हात सोड, जागा सोडू नकोस."

"तेवढं जमेल," ऑर्व्हिल म्हणाला. उभं राहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पांढऱ्या टोपीतला मुख्य पंच पाय आपटत जवळ आला. "टेस्के, किती वेळ रे अजून? बोटं गळून पडतील माझी."

"चाळीस सेकंद."

"आई बघतेय म्हणे आज."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीय. पाहुण्या संघाचा कप्तान मघाशी मला विचारत होता, टोपी सरळ आहे का म्हणून. स्वतःची नाही, तुझी." पंचाने इकडेतिकडे पाहिलं आणि ऑर्व्हिलची टोपी सरळ केली.

"दहा," मार्गो कानात म्हणाली. "हात सोड. पाच. हस की जरा! आलो आपण."

"आलो आपण." जाहिराती संपल्याचे हे दोन शब्द त्याने एकवीस वर्षांत हजारो वेळा ऐकले होते. डोकं म्हणालं, थांब. पण पायांनी डोक्याला विचारलंच नाही. ते सुटले. अठ्ठावन्न वर्षांचा ऑर्व्हिल असा पळाला, की बाजूला उभ्या राखीव खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या.

देशभरातल्या दोन कोटी घरांत तीन सेकंद नुसता बर्फ दिसला. त्यात बुटांचे दोन खोल ठसे, आणि तिथून बाहेर गेलेली घाईची पावलं. ट्रकमध्ये मार्गोने तोंडात मूठ घातली, पण कॅमेरा हलवला नाही. शब्द म्हणजे शब्द. समालोचकांना वाटलं, बाई काहीतरी महत्त्वाचं दाखवतायत. त्यांनी ठशांभोवती पडद्यावर पिवळं वर्तुळ काढलं.

"इथे बघा," त्यांच्यातला माजी खेळाडू गंभीरपणे म्हणाला, "सामना इथे फिरू शकतो."

पुढची दोन मिनिटं खेळ झाला. त्यात कोणीतरी जिंकलं.

ऑर्व्हिल खेळाडूंच्या येण्याजाण्याच्या बोगद्यात भिंतीला टेकून उभा होता. त्याने फोन काढून आईला लावला.

"आई, मी पळालो गं. सवय."

"माहितीय. बघितलं मी."

"काय बघितलंस? मी नव्हतोच तिथे."

"ठसे होते ना तुझे! डावा पाय बाहेर वळलेला. चौथीत होतास तेव्हापासून सांगतेय, सरळ उभा राहा, सरळ उभा राहा. आज सगळ्या देशाने पाहिलं. वर गोल करून दाखवलं त्यांनी." "किती वेळ उभा होतास रे त्या थंडीत?"

"तीन मिनिटं. डेल्फिन काय म्हणाली?"

"म्हणाली, पाय तुमच्या घरातलेच वाटतात. पण वर माणूस दिसला नाही." लोरेनने नाक पुसलं. "ते काही नाही. मी आता लिहिणारच आहे त्यांना."

दुसऱ्याच दिवशी वाहिनीच्या क्रीडा विभागाकडे रीतसर टंकलिखित अर्ज रवाना झाला. साक्षीदार म्हणून खाली डेल्फिनची सही होती. "सबब विनंती की, कालचा सामना पुन्हा खेळवण्यात यावा. कोणी जिंकावं याबाबत अर्जदाराचा कोणताही आग्रह नाही. मात्र या खेपेस खेळ चालू असताना जाहिराती दाखवण्यात याव्यात, आणि जाहिरातींच्या वेळी मैदान."